वाचकांचे प्रश्न : मनोरंजन क्षेत्रातील पहिली पायरी

नाटक, मालिका, चित्रपट आणि ध्वनिमाध्यम या क्षेत्रांत काम करू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. ‘संधी कशी मिळेल?’ हा त्यांतला सर्वांत मोठा प्रश्न. इतकी वर्षे पुण्यातल्या तालमी, प्रयोग आणि चित्रीकरणे जवळून पाहिल्यावर मला असे वाटते की, ‘ज्यांच्या हातात काम देणे आहे, त्यांना माझे काम पाहायला कुठे मिळेल?’ असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर अधिक नेमकेपणाने देता येते. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या संघातून एकांकिका केल्या आहेत. पदवी मिळताच मुंबईला जाऊन मालिकांसाठी ऑडिशन द्याव्यात असे वाटते. आईवडील मात्र आधी नोकरी कर म्हणतात. मी काय करावे? (विद्यार्थी, धनकवडी)

आपली ओढ आणि आईवडिलांचा आग्रह यांत मला विरोध दिसत नाही. मुंबईला केव्हा जायचे हे नंतर ठरवता येईल. पुण्यात राहून जे शिकता येते ते पदरात पडले आहे का, हे आधी पाहावे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा घेत आली आहे, आणि मराठी रंगभूमी, मालिका व चित्रपट यांत आज काम करणाऱ्या अनेकांची सुरुवात त्या स्पर्धेत, भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर झाली. फिरोदिया करंडक या महाविद्यालयांच्याच दुसऱ्या स्पर्धेत नाट्याबरोबर संगीत, नृत्य, चित्रकला अशा इतर कलाही एकत्र गुंफाव्या लागतात. या स्पर्धांचे खरे मोल करंडकात नाही. प्रेक्षागृहात पूर्वी तेथेच खेळलेले आणि आता या व्यवसायात असलेले लेखक, दिग्दर्शक येऊन बसतात आणि नव्या मुलांची नावे लक्षात ठेवून जातात, यात आहे. आपल्या हातात हे एक वर्ष आहे. भूमिका मिळाली तर उत्तमच, पण निदान एका एकांकिकेत प्रकाशयोजना किंवा पार्श्वसंगीत सांभाळण्याची जबाबदारी मागून घ्यावी. प्रकाशझोत पडण्याआधी अर्धे पाऊल पुढे गेलेला नट कसा अंधारात उभा राहतो, हे प्रकाशाच्या टेबलामागे बसल्यावर जितके कळते तितके रंगमंचावर उभे राहून कळत नाही.

खरी अडचण पदवीनंतर सुरू होते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. महाविद्यालय सुटले की तालमीची जागा, बरोबरची मंडळी आणि ‘अमुक तारखेला प्रयोग आहे’ हा धाक या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात. चांगली मुले तेथेच गळतात. गुण कमी पडतात म्हणून नव्हे, तर रोज संध्याकाळी जायला जागा उरत नाही म्हणून. त्यामुळे महाविद्यालयात असतानाच शहरातल्या एखाद्या प्रायोगिक किंवा हौशी नाट्यसंस्थेत जाऊ लागावे. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचावर होणारे छोटे प्रयोग पाहावेत, प्रयोगानंतर थांबून बोलावे, सामान आवरायला हात लावावा. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांना दर वर्षी नवी माणसे हवी असतात. पुण्यातली हौशी रंगभूमी कचेरी सुटल्यावर होणाऱ्या तालमींवरच उभी राहिली आहे, त्यामुळे नोकरी करणारा माणूस तेथे कोणाला परका वाटणार नाही.

औपचारिक शिक्षण घ्यायचे असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावर, प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट तर आपल्या शहरातच आहे. तेथील बहुतेक दीर्घ अभ्यासक्रमांना पदवी लागते, म्हणून अभियांत्रिकी अर्धवट सोडण्याचा विचार मनात असेल तर तो कृपया काढून टाकावा. या संस्थांमुळे काम मिळेलच, अशी हमी नसते. मात्र दोन-तीन वर्षे दुसरे काहीही न करता एकाच गोष्टीत बुडून राहण्याची मुभा मिळते, आणि पुढची वीस वर्षे ज्यांच्याबरोबर काम करायचे ते सोबती भेटतात.

ऑडिशनसाठी आता प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. पहिली चाळणी बहुधा घरी चित्रित करून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते, आणि तेथे अनेक जण टाळता येण्याजोग्या कारणांनी मागे राहतात. मोबाइल तिकाटण्यावर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर समोरून यावा. खिडकी पाठीशी असली तर चेहरा काळवंडतो. मागे साधी, एकरंगी भिंत असावी. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि राहण्याचे ठिकाण शांतपणे सांगावे, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवावा आणि मगच प्रसंग सुरू करावा. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारी व्यक्ती कॅमेऱ्याला अगदी लागून उभी राहावी आणि तिने हळू आवाजात वाचावे, म्हणजे आपली नजर योग्य जागी राहते आणि तिचा आवाज आपल्या आवाजावर कुरघोडी करत नाही. पार्श्वसंगीत लावू नये. फाइलला ‘ऑडिशन अंतिम’ असे नाव न देता आपले नाव, वय आणि भूमिकेचे नाव द्यावे, कारण निवड करणाऱ्याच्या संगणकात एकाच दिवशी तशाच नावाच्या कितीतरी फाइली येऊन पडलेल्या असतात.

नोकरीविषयी माझे स्पष्ट मत असे की, दोन वर्षे नोकरी करावी आणि त्या पगारातून मुंबईतल्या किमान आठ महिन्यांच्या भाड्याची व जेवणाची सोय बाजूला ठेवावी. मालिकेत मोबदला बहुधा चित्रीकरणाच्या दिवसागणिक ठरतो आणि तो हातात यायला तीन महिने लागणे ही नेहमीची रीत आहे. काम मिळाल्यानंतरचे हे पहिले तीन महिने ज्याला काढता येत नाहीत, तो मिळालेले कामही टिकवू शकत नाही.

प्रश्न : एका कास्टिंग कंपनीने (भूमिकांसाठी कलाकार निवडून देणाऱ्या) समाजमाध्यमावर माझी छायाचित्रे पाहून मुख्य भूमिकेसाठी निवड झाल्याचे कळवले. नोंदणी, कलाकार ओळखपत्र आणि पोर्टफोलिओ (छायाचित्रांचा संच) यांसाठी ३५ हजार रुपये भरायला सांगितले आहेत. भरावेत का? (विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता)

भरू नयेत. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. निर्माता कास्टिंग करणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे देतो, आणि कलाकाराचा व्यवस्थापक असलाच तर तो मिळालेल्या मोबदल्यातून ठरलेला हिस्सा नंतर घेतो. ऑडिशन न घेता, केवळ छायाचित्रावरून मुख्य भूमिका ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सुरुवातीला स्वच्छ उजेडात काढलेली, मेकअप जवळजवळ नसलेली चार छायाचित्रे पुरतात: एक चेहऱ्याचे, एक पूर्ण उंचीचे आणि दोन्ही बाजूंची एकेक. ती मैत्रिणीनेही काढून दिली तरी चालतील. महागड्या पोर्टफोलिओत चेहरा इतका घासूनपुसून गुळगुळीत केलेला असतो की, प्रत्यक्ष भेटीत निवड करणाऱ्याला वेगळीच व्यक्ती समोर दिसते.

ज्या निर्मितीसंस्थेचे नाव सांगितले असेल, तिच्या कार्यालयात स्वतः दूरध्वनी करून खातरजमा करावी. भेट कार्यालयात आणि दिवसा असावी, सोबत कोणीतरी असावे. हॉटेलच्या खोलीवर किंवा रात्री उशिरा बोलावले, तर नकार द्यावा आणि त्याचे कारण सांगत बसू नये. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर होईल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता कमी होते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास महिलांच्या संरक्षणासाठीचा २०१३ चा कायदा चित्रीकरणस्थळालाही लागू होतो. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी, जेथे अंतर्गत समिती नसते, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. आपली पिढी हे बोलू लागली आहे, याचे मला फार मोठे समाधान आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला एका मालिकेत काम मिळते आहे. चित्रीकरण ठाण्यात असेल. शाळा, झोप, पैसे या सगळ्याचे काय होईल याची काळजी वाटते. (आई, बिबवेवाडी)

ताई, आपली काळजी रास्त आहे, आणि कायद्याने ती बरीच गांभीर्याने घेतली आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, तसेच विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम चालत नाही. सलग २७ दिवसांपलीकडे काम देता येत नाही. जेथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची असते. म्हणजे आपल्या बाबतीत ती ठाण्यातून घ्यावी लागेल. मुलांच्या देखभालीसाठी जबाबदार व्यक्ती नेमायची असते आणि एका व्यक्तीकडे पाचपेक्षा जास्त मुले सोपवता येत नाहीत. मिळकतीच्या किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा व्हावी लागते.

करारावर सही करण्यापूर्वी या परवानगीची प्रत मागावी. ती मागितल्याने काम जाईल अशी भीती वाटत असेल, तर असे काम गेलेले बरे. कायद्यात न लिहिलेली एक गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. पाच तासांचे काम म्हटले तरी पुण्याहून ठाण्याला जाणे-येणे, मेकअप आणि वाट पाहणे धरून मुलीचा दिवस बारा-तेरा तासांचा होतो. त्यामुळे रोजची ये-जा मुळीच करू नये. महिन्यातले ठरावीक दिवस सलग चित्रीकरण आणि उरलेले दिवस शाळा, अशी विभागणी निर्मितीसंस्थेशी बोलून लेखी ठरवून घ्यावी. घरचे कोणीतरी सेटवर सतत हजर असावे, पण दृश्य चालू असताना तिच्या नजरेच्या टप्प्यात बसू नये, नाहीतर ती प्रत्येक संवादानंतर दिग्दर्शकाकडे न पाहता आपल्याकडे पाहू लागेल. आणि कधी ती ‘आता नको’ म्हणाली, तर ते ऐकायला घरात एक तरी माणूस हवे.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. बँकेत नोकरी करतो. अभिनयाची आवड मनातच राहिली. उशीर झाला का? (वाचक, चिंचवड)

नाही. डॉ. श्रीराम लागू पुण्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्यापूर्वीची कितीतरी वर्षे ते नाटक करतच होते, हे मात्र लक्षात घ्यावे. डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम आणि अध्यापन करत अभिनय केला. नोकरी सोडू नये. चिंचवडच्या आसपासच्या हौशी संस्थेत या महिन्यापासून जाऊ लागावे. वडील, शेजारी, पोलीस निरीक्षक, शाखाधिकारी अशा भूमिकांसाठी, ज्यांच्या चेहऱ्यावर खरे वय आणि खऱ्या नोकरीची सवय दिसते, अशा माणसांची गरज नेहमीच असते.

प्रश्न : मी एका निर्मात्याला मालिकेची संकल्पना ऐकवली. वर्षभराने त्याच कल्पनेवर मालिका आली. माझ्याकडे पुरावा नाही. पुढे काय काळजी घ्यावी? (लेखिका, कर्वेनगर)

आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो. तरीही एक कटू गोष्ट आधी सांगायला हवी: कल्पनेवर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नसतो, तो कल्पनेच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच तत्त्व मांडले. त्या खटल्यात नाटककाराचा दावा फेटाळला गेला, कारण नाटक आणि चित्रपट यांचा विषय एक असला तरी मांडणी पुरेशी वेगळी आहे, असे न्यायालयाला वाटले. ‘सासू आणि सून मिळून खानावळ काढतात’ ही कल्पना कोणाचीच नाही. त्या दोघींची नावे, त्यांचा इतिहास, पहिल्या दहा भागांतल्या घटनांचा क्रम आणि लिहून काढलेले दोन भाग मात्र आपले असतात. म्हणून तोंडी ऐकवणे बंद करावे. आधी लिहावे, आणि जितके तपशिलात लिहिता येईल तितके लिहावे.

लिहून झालेली संहिता पटकथालेखकांच्या संघटनेत, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, सभासद होऊन ऑनलाइन नोंदवता येते, आणि भारत सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी करता येते. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी आवश्यक नसते, पण अमुक तारखेला हा मजकूर माझ्याकडे होता हे तिच्यामुळे सिद्ध करता येते. भेटीला जाण्याआधी संहिता ई-मेलने पाठवावी आणि भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी आभाराचा ई-मेल लिहावा: ‘आज आपल्या कार्यालयात अमुक नावाच्या संकल्पनेविषयी बोलणे झाले, सोबत पाठवलेली संहिता आपण वाचणार आहात.’ एवढ्या साध्या दोन ओळींना पुढे केवढे वजन येते, हे वाद झाल्यावरच कळते.

करारपत्र आले की मोबदल्याचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, आणि कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना, सिनेमागृहातील प्रदर्शन सोडून होणाऱ्या इतर वापराच्या स्वामित्वधनात (रॉयल्टीत) वाटा ठेवला, आणि तो वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. श्रेयनामावलीत आपले नाव कोठे आणि कोणत्या शब्दांत येईल, हेही लिहून घ्यावे. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा तीन वेगळ्या माणसांची कामे असतात. ‘लेखनसाहाय्य’ एवढ्यावर समाधान मानले, तर पुढच्या कामाच्या वेळी दाखवायला हातात काही उरत नाही.

नव्या लेखकांनी संवादलेखनापासून सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवतो. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेला रोज संवाद लागतात, त्यामुळे तेथे माणसांची गरज सतत असते. रात्री आलेल्या पटकथेवर सकाळच्या चित्रीकरणाआधी दहा पाने लिहून देण्याची शिस्त तेथे अंगी बाणते, आणि आपण लिहिलेले वाक्य नटाच्या तोंडी का अडखळते, हे दुसऱ्याच दिवशी कानांनी ऐकता येते.

प्रश्न : मला पडद्यासमोर यायचे नाही. ध्वनिमुद्रणात रस आहे. शास्त्र शाखेत बारावी झालो आहे. या क्षेत्रात पोट भरता येईल का? (विद्यार्थी, हडपसर)

येईल, आणि माझ्या मते अभिनयापेक्षा लवकर भरता येईल, कारण पडद्यामागच्या विभागांत कामाच्या मानाने शिकलेली माणसे कमी असतात. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा स्वतंत्र विभाग आहे. त्याच्या प्रवेशासाठी पदवीबरोबर बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट काही वर्षांच्या माहितीपत्रकांत होती, तेव्हा आपला विषय उपयोगी पडेल. प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीचे माहितीपत्रक मात्र स्वतः वाचावे. तोवर कोणत्याही शाखेची पदवी चालू ठेवावी आणि संस्थेत शिकणाऱ्यांच्या किंवा इतर विद्यार्थ्यांच्या लघुपटांवर बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरायला जावे.

बूम धरणे हे नवख्याचे काम समजले जाते, पण त्यात फार कसब आहे. लांब काठीच्या टोकाचा माइक नटाच्या डोक्यावर, चौकटीच्या कडेला जेमतेम न दिसेल इतका जवळ, सलग चार-पाच मिनिटे हात वर करून धरायचा. नट वळला की माइक वळवायचा, आणि कपड्याची सळसळ, बुटांचा आवाज किंवा श्वास त्यात येऊ द्यायचा नाही. दृश्य संपले की ध्वनिमुद्रक सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता मुद्रित करतो. पंखा बंद असतो, कोणी हलत नाही. संकलनात दोन संवादांमधली फट भरायला हीच शांतता लागते. ज्याला ही तीस सेकंदे कंटाळवाणी वाटत नाहीत, उलट त्यात दूरच्या रस्त्यावरची रिक्षा आणि भिंतीतली नळाची कुरकुर ऐकू येते, त्याने ध्वनीकडे निःशंक जावे.

कान तयार होण्यासाठी विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होणारे खेळ पाहावेत. १९६४ पासूनची ही संस्था आपल्या शहरात आहे, हे पुण्यातल्या विद्यार्थ्यांचे भाग्य आहे. जुने चित्रपट तेथे मोठ्या पडद्यावर, चांगल्या ध्वनिव्यवस्थेत ऐकायला मिळतात. बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. त्या दिवसांत सुट्टी काढावी.

पैशाच्या बाबतीत दोनच गोष्टी. पहिल्या कामापासून दिवसाचा दर, कामाचे तास आणि प्रवासखर्च व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्यावेत. निर्मितीसंस्था मोबदल्यातून बहुधा दहा टक्के कर कापून उरलेली रक्कम देते. तो कर आपल्या पॅन क्रमांकावर जमा झालेला असतो, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. अनेक तरुण सहायक हे विवरणपत्र भरतच नाहीत आणि वर्षभराच्या कमाईतला दहावा हिस्सा सोडून देतात. जुलै उजाडण्याआधी एखाद्या कर सल्लागाराकडे वर्षभराच्या बिलांची फाइल घेऊन जावे.